पैसे द्या, पण गाड्यांचा थांबा लिहून घ्या

पुण्याहून निघणाऱ्या एका लाइनवरच्या लहान स्टेशनावर मी अकरा वर्षं उतरत होते. सकाळच्या पॅसेंजरने शाळेत जायचं, संध्याकाळी मिळेल त्या गाडीने परत यायचं. फलाट म्हणजे मुरूम टाकून दाबलेली पट्टी आणि कडेला दगड. गाडी लागली की डब्याची पहिली पायरी जवळजवळ कमरेला यायची. उतरताना उडी मारायची, चढताना कुणीतरी हात द्यायचा.

मी उतरायचे त्याच सुमाराला पलीकडच्या लाइनवर पुण्याची गाडी यायची. तिला एक मावशी असायच्या, मेथी-कोथिंबिरीचं गाठोडं घेऊन. त्यांची रीत ठरलेली. आधी गाठोडं डब्यात लोटायचं, मग दांडी धरून डावा गुडघा पायरीवर टेकायचा, आणि वरच्या बाईने दंडाला धरून ओढून घ्यायचं. गाडी मिनिटभर थांबायची, कधी तेवढीही नाही. एका पावसाळ्यात गाठोडं वर गेलं आणि मावशी खालीच राहिल्या. पायरी ओली होती, गुडघा घसरला आणि गाडी सुटली. मी रूळ ओलांडून त्यांच्यापाशी गेले. गुडघ्यातून रक्त येत होतं. त्यांनी विचारलं ते एवढंच : "बाई, पुण्याला कुणी उतरवून घेईल का ओ माझी भाजी?"

तो फलाट दोन फूट उंच असता तर हे घडलं नसतं. रेल्वेच्या मापात कमी उंचीचा फलाट ४५५ मिलिमीटरचा, म्हणजे दीड फुटाचा, आणि उंच फलाट ७६० ते ८४० मिलिमीटरचा, म्हणजे अडीच ते पावणेतीन फुटांचा असतो. आमच्याकडे यातला कुठलाच नव्हता. तो व्हावा म्हणून गावाने अर्ज केले, सह्या गोळा केल्या. ग्रामपंचायतीपासून वरपर्यंत जिथे जाऊ तिथे एकच उत्तर मिळालं : रेल्वे केंद्राची आहे, आमच्या हातात काही नाही.

हे उत्तर मला पटत नाही. राज्य सरकारने पुणे जिल्ह्यातल्या लहान स्टेशनांसाठी स्वतःच्या अर्थसंकल्पातून दरवर्षी ठरावीक पैसा बाजूला काढला पाहिजे, आणि तो देताना त्या स्टेशनावर कोणत्या गाड्या किती वर्षं थांबतील हे कागदावर लिहून घेतलं पाहिजे. या दोन्ही गोष्टी मला सारख्याच महत्त्वाच्या वाटतात. नुसता पैसा दिला तर सुंदर फलाटासमोरून गाड्या न थांबता जातील.

आधी "केंद्राची रेल्वे" हे पाहू. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्र सूचीत बाविसाव्या क्रमांकाला रेल्वे आहे, हे खरं. पण त्याचा अर्थ रेल्वेबद्दल कायदे संसदेने करायचे, एवढाच. राज्याने रेल्वेच्या कामाला पैसा देऊ नये असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. उलट कलम २८२ स्पष्ट सांगतं की केंद्र असो वा राज्य, कोणत्याही सार्वजनिक कामासाठी अनुदान देऊ शकतं; मग त्या विषयावर कायदा करण्याचा अधिकार त्याच्याकडे असो वा नसो. हात बांधलेले नाहीत, ते खिशात आहेत.

आणि महाराष्ट्राने हा हात अनेकदा बाहेर काढला आहे. मुंबईच्या लोकलसाठी १९९९मध्ये मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन झालं, त्यात रेल्वेचा वाटा ५१ टक्के आणि राज्याचा ४९ टक्के. नवी मुंबईत रेल्वे आणताना सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या राज्याच्याच महामंडळाने, ६७ टक्के भार उचलला, रेल्वेने ३३ टक्के. वाशी, बेलापूरची ती भव्य स्टेशनं अशीच उभी राहिली, आणि सिडकोचा पैसा वसूल व्हावा म्हणून तिकिटावर अधिभारही लागला. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग राज्याच्या निम्म्या वाट्यावर उभा राहतो आहे, आणि १७ सप्टेंबर २०२५ला, मराठवाडा मुक्तिदिनी, बीडकरांनी आपल्या शहरात पहिल्यांदा रेल्वे पाहिली. पुणे–लोणावळा तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचाही निम्मा खर्च उचलायचं राज्याने ठरवलं आहे. हे सगळं योग्यच झालं. या प्रत्येक वेळी रेल्वे केंद्राचीच होती आणि तरी राज्याने पैसा दिला. काम हजारो कोटींचं असलं की केंद्र-राज्य भागीदारी सुचते, आणि काम काही लाखांचं किंवा एक-दोन कोटींचं असलं की घटना आठवते. मला हे अन्यायाचं वाटतं.

आणखी एक उदाहरण द्यायलाच हवं, कारण ते रोज डोळ्यांसमोर असतं. रेल्वे फाटकाच्या जागी उड्डाणपूल बांधायचा असेल तर खर्च रेल्वे आणि राज्य वाटून घेतात. मोटारी फाटकात अडकू नयेत, हे सार्वजनिक काम आहे असं राज्य मानतं, आणि ते आहेच. मग त्याच रुळांवरच्या गाडीत म्हातारीला चढता यावं, हे सार्वजनिक काम का नाही? पुलावरून जाणारा माणूस राज्याचा आणि पुलाखालच्या गाडीतला माणूस केंद्राचा, अशी वाटणी करता येत नाही. दोघेही त्याच तालुक्यात राहतात.

हडपसर ते यवत या पट्ट्याकडे पाहा. सोलापूर रस्त्यावरची कोंडी ज्यांनी रोज सोसली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. त्या रस्त्यावर उन्नत मार्ग बांधायला राज्याने २०२५मध्ये मान्यता दिली. खर्च पाच हजार कोटींच्या वर. तो टोलमधून वसूल होवो वा तिजोरीतून जावो, शेवटी पैसा लोकांचाच. माझा त्या रस्त्याला विरोध नाही. पण याच पट्ट्यात, रस्त्यापासून फार दूर नाही, दुहेरी आणि विजेवरची रेल्वे लाइन आहे. हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी, यवत, खुटबाव, केडगाव, कडेठाण, पाटस, दौंड. पुण्यापासून दौंडपर्यंतचा हा सगळा पंच्याहत्तर किलोमीटरचा रस्ता लोखंडाचा आहे, तो इंग्रजांच्या काळापासून तिथे आहे आणि त्यासाठी नव्याने जमीन घ्यायची नाही. उन्नत मार्गाच्या खर्चाचा शंभरावा हिस्सा म्हटला तरी पन्नास कोटी होतात. तेवढ्यात मधल्या लहान स्टेशनांवर उंच फलाट, छप्पर, दिवे, पाणी, बायकांसाठी कुलूप नसलेलं स्वच्छतागृह आणि गावापासून स्टेशनापर्यंत चालता येईल असा रस्ता, यातलं पुष्कळ काही होईल. सगळं होईल असा माझा दावा नाही. पण आज या कामांसाठी राज्याच्या हिशेबात स्वतंत्र रकानाच नसेल, तर ती सुरू तरी कशी होणार?

ही गावंही काही आडवळणाची नाहीत. उरुळी कांचनला १९४६मध्ये गांधीजी राहिले आणि निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन वसवलं आणि १९२२मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. रेल्वे होती म्हणून पुण्या-मुंबईशी या गावांचा संबंध सोपा होता. रेल्वे लाइनवरचं गाव म्हणजे जगाशी जोडलेलं गाव, ही समज आपल्या आजोबांना होती. आज लाइन तीच आहे, पण गावातला तरुण दुचाकीवरून सोलापूर रस्त्याने कामाला जातो आणि घरचे तो परत येईपर्यंत जागे राहतात.

"लहान स्टेशनावर प्रवासीच नाहीत, खर्च कशाला?" हा दुसरा आक्षेप. यावर जरा थांबून बोलायला हवं, कारण इथे आकडे दिशाभूल करतात. रेल्वे स्टेशनांची प्रतवारी करते ती मुख्यतः उत्पन्न आणि प्रवासीसंख्या पाहून. सगळ्यांत खालच्या श्रेणीतले हॉल्ट, म्हणजे अगदी लहान थांबे, वर्षाला पाच लाखांपर्यंत उत्पन्न असलेले. सोयीसुविधाही त्या श्रेणीच्या हिशेबाने मिळतात. म्हणजे उत्पन्न कमी म्हणून फलाट नाही, फलाट नाही म्हणून म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या येत नाहीत, त्या येत नाहीत म्हणून उत्पन्न आणखी कमी. हे चक्र कुठूनतरी तोडावं लागतं, आणि ते रेल्वेच्या हिशेबवहीतून तुटणार नाही.

शिवाय त्या उत्पन्नात कोण दिसतं? रोजचा प्रवासी पासवर जातो आणि पासचा दर तिकिटाच्या मानाने अगदी थोडा. शाळा-कॉलेजला जाणाऱ्या मुलींना पदवीपर्यंत घर ते कॉलेज असा पास रेल्वे मोफत देते. ही फार चांगली सवलत आहे, माझ्या कितीतरी विद्यार्थिनी तिच्या जोरावर शिकल्या. पण स्टेशनाच्या उत्पन्नात त्या मुलीच्या नावावर एक रुपयाही दिसत नाही. ती तीन वर्षं रोज गाडीत चढते, पदवी घेते, नोकरीला लागते. त्याचा फायदा तिच्या घराला होतो, गावाला होतो, राज्याला होतो. फायदा राज्याच्या पदरात पडत असेल तर खर्चाचा वाटाही राज्याने उचलावा, यात मला साधा व्यवहार दिसतो. मावशींची भाजी पुण्यात पोचते तेव्हा पुण्यातल्या गिऱ्हाइकाला ताजी जुडी मिळते आणि शेतकऱ्याच्या घरात रोकड जाते. हेही तिकीट खिडकीवर मोजलं जात नाही.

आपल्याकडे याला जुनी परंपरा आहे. मिरज–कोल्हापूर रेल्वे ब्रिटिश सरकारने आपण होऊन आणलेली नाही. कोल्हापूर संस्थानाने स्वतःच्या खर्चाने ती बांधवली. १८८८मध्ये शाहू महाराजांच्या हस्ते कामाचा मुहूर्त झाला आणि १८९१मध्ये गाडी सुरू झाली. गाडी चालवणारी कंपनी वेगळी होती, पैसा दरबाराचा होता. "रेल्वे आमची नाही" असं म्हणून कोल्हापूर बसलं असतं तर गुळाच्या बाजारपेठेला किती वर्षं बैलगाड्यांवर अवलंबून राहावं लागलं असतं, याचा विचार करावा. संस्थानाला जे सुचलं ते लोकनियुक्त सरकारला सुचू नये का?

आता सगळ्यांत वजनदार आक्षेप. प्रवासी संघटनेतले माझे एक जुने सहप्रवासी तो नेहमी मांडायचे. राज्याने एकदा पैसा द्यायला सुरुवात केली की रेल्वे अंग काढून घेईल, म्हणतील मागा तुमच्या सरकारकडे. आणि उद्या गाडीच बंद केली तर राज्याचा पैसा मातीत. हे मला नाकारता येत नाही. कोरोनाच्या काळात गाड्या बंद झाल्या तेव्हा तसंच झालं. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा साध्या पॅसेंजरला एक्स्प्रेसचं भाडं लागलं, दहा रुपयांच्या किमान तिकिटाचे तीस झाले. ते परत दहावर यायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. त्या मधल्या काळात गावाच्या हातात काहीच नव्हतं. कोणती गाडी थांबेल, कोणती नाही, याचा एकही कागद गावाच्या नावाने नव्हता. वेळापत्रक रेल्वेचं, ते बदलायचा अधिकार रेल्वेचा.

म्हणूनच मी करारावर अडून बसते आहे. आज नवा थांबा मिळतो तो बहुतेक वेळा "प्रायोगिक तत्त्वावर", सहा महिन्यांसाठी. हार-तुरे होतात, इंजिनाला नारळ फुटतो, आणि पुढे त्या प्रयोगाचं काय झालं हे गावाला कळतही नाही. राज्याने पैसा दिला तर राज्य हा अर्जदार राहत नाही, भागीदार होतं. भागीदाराला अट घालता येते. अट अशी असावी : या स्टेशनावर सकाळी कामाच्या वेळेला पुण्याकडे इतक्या आणि संध्याकाळी परतीच्या इतक्या गाड्या, किमान दहा वर्षं. त्यात कपात करायची असेल तर सहा महिने आधी राज्याला आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवायचं, सुनावणी घ्यायची, आणि तरीही थांबा काढलाच तर राज्याचा उरलेल्या वर्षांचा पैसा परत करायचा. फलाट बांधण्याच्या खर्चात रेल्वेचाही वाटा असावा, म्हणजे तिचं अंग त्यात अडकलेलं राहील.

एक गोष्ट मात्र आपणही सोडली पाहिजे. लहान गावात एक्स्प्रेसचा थांबा मागायची. पुढाऱ्यांना ती मागणी आवडते, कारण लांबच्या गाडीचं नाव मोठं असतं. पण लांबून येणारी गाडी आधीच भरलेली असते, तिच्या वेळेचा भरवसा नसतो आणि एका गावासाठी ती थांबली की दहा गावं मागतात. रोज जाणाऱ्याला हवी असते ती वेळेवर येणारी, प्रत्येक स्टेशन घेणारी मेमू, म्हणजे जवळच्या अंतराची विजेवरची गाडी. पुणे–लोणावळा लोकल ११ मार्च १९७८ला सुरू झाली. पुणे आणि लोणावळा धरून १७ स्टेशनं असलेल्या त्या मार्गावर देहूरोड, तळेगाव, वडगाव, कामशेत ही गावं कशी वाढली हे पिंपरीच्या कारखान्यांत काम केलेल्या कुठल्याही जुन्या कामगाराला विचारावं. तो बदल एक्स्प्रेसने घडलेला नाही.

स्टेशनं सुधारण्याची केंद्राची अमृत भारत योजना आहे, आणि ती चांगली आहे. २२ मे २०२५ला देशातल्या १०३ स्टेशनांचं उद्घाटन झालं त्यात आपल्याजवळचं केडगाव आणि लोणंद होतं. मला त्याचा मनापासून आनंद झाला. पण त्या यादीत येणारं स्टेशन निदान थोडंफार मोठं असतं. ज्या हॉल्टवर तिकीट देणारा माणूस कमिशनवर बसतो, तो हॉल्ट यादीत कधी येणार? आणि स्टेशनाच्या कुंपणाबाहेरचं काय? गावातून स्टेशनाकडे जाणारा कच्चा रस्ता, त्यावरचा बंद दिवा, स्टेशनासमोर न थांबणारी एसटी, ही कामं आजही राज्याची आणि स्थानिक संस्थांचीच आहेत. त्यासाठी तर रेल्वेची परवानगीही लागत नाही. गाडी सव्वासहाला येते तर एसटी साडेसहाला स्टेशनासमोरून सुटावी, एवढं वेळापत्रक जुळवायला पैसा नाही, एक बैठक लागते. सुरुवात इथूनच करावी. जिल्हा नियोजन समितीने स्टेशनांच्या पोचरस्त्यांसाठी आणि प्रवासी सोयींसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे हिशेबात वेगळा रकाना, उघडावं आणि पहिल्या वर्षी पाचच स्टेशनं घ्यावीत. प्रशासनाची दारं वेगवेगळी असली की लोकांची फरफट होते, हे दौंडकरांना चांगलं माहीत आहे. रोज पुण्याला येणारं ते गाव रेल्वेच्या कागदावर सोलापूर विभागात होतं, ते १ एप्रिल २०२४ला पुणे विभागात आलं.

लहान स्टेशनांचं प्रकरण माझ्यासाठी भाजीच्या गाठोड्यापाशी संपत नाही. शेवटच्या वर्षी माझ्या वर्गातली एक मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली. तिला पुण्यात विज्ञान शाखेला जायचं होतं. वडील शाळेत आले. फीबद्दल त्यांनी काही विचारलं नाही, पासबद्दल नाही, कॉलेज कसं आहे हेही नाही. म्हणाले, "बाई, प्रॅक्टिकल झाल्यावर सहाच्या पुढं सुटंल ती. संध्याकाळची गाडी पुढची दोन वर्षं राहील ना?" मी त्या गाडीने अकरा वर्षं प्रवास केला होता, आणि तरी मला हो म्हणता आलं नाही. मुलीने गावाजवळच्या कॉलेजात कला शाखेला नाव घातलं.